चिप गप्प केव्हा बसते?

सोनीचे प्लेस्टेशन हे खेळयंत्र डिसेंबर १९९४ मध्ये जपानात विक्रीस आले. त्यात वरून बसवायच्या चिप्सची तुलना करताना तारा किती आणि डाख किती, एवढेच बहुधा मोजले जाते. ही तुलना अपुरी आहे. चिप काय बोलते आणि केव्हा गप्प बसते, हे पाहायला हवे.

त्यासाठी आधी कुलूप समजून घेऊ. सीडीवर माहितीची वाट सर्पिलाकार असते. प्लेस्टेशनच्या अस्सल तबकडीच्या आरंभीच्या भागात ही वाट किंचित नागमोडी छापलेली असते. लेसर वाटेवर राहावा म्हणून यंत्र सतत दुरुस्ती करीत असते. त्या दुरुस्तीच्या संकेतातूनच ते ही वळणे वाचते. (प्रत्याभरण शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.) सेकंदाला २५० बिट अशा संथ गतीने चार अक्षरे मिळतात: जपानसाठी ‘एससीईआय’, अमेरिकेसाठी ‘एससीईए’, युरोपसाठी ‘एससीईई’. घरच्या सीडी-रायटरला ही वळणे उमटवता येत नाहीत, कारण कोऱ्या तबकडीवरची वाट कारखान्यातच आखलेली असते आणि रायटर फक्त तिच्यावरून चालतो. कल्पना खरोखर सुंदर आहे. पण याच कुलपामुळे जपानात पैसे मोजून घेतलेली तबकडीही अमेरिकी यंत्रावर चालत नाही.

सुरुवातीच्या बऱ्याच चिप्स म्हणजे ‘पीआयसी १२सी५०८’ हा आठ पायांचा सूक्ष्मनियंत्रक. त्यात आज्ञावलीसाठी ५१२ शब्दांची जागा आणि कामापुरती २५ बाइट स्मृती. तबकडीने द्यायची अक्षरे ही चिप स्वतःच पाठवते आणि यंत्र चालू असेपर्यंत पाठवतच राहते. चार तारांत काम होई, म्हणून ती लोकप्रिय झाली. पण ही बडबडच तिला नडली. पुढील काही खेळ तबकडीच्या मधल्या भागातून वाचन चालू असताना यंत्राला विचारू लागले, की ती अक्षरे आताही येत आहेत का? तेथे नागमोडी वळणे नसतातच. उत्तर ‘हो’ आले की चिप पकडली गेली आणि खेळ थांबला.

नंतरच्या ‘स्टेल्थ’ चिप्स ओळख पटली की गप्प बसतात. त्यांतही प्रती आहेत. एकाहून अधिक तबकड्यांच्या खेळात तबकडी बदलली की ओळख पुन्हा द्यावी लागते. झाकण उघडल्याचे ज्या चिपला कळत नाही, ती तेथे अडते. झाकणाच्या कळेकडे एक तार जास्त नेणारी चिप मला सरस वाटते, डाख एक वाढला तरी.

मात्र चोरून केलेली प्रत आणि परदेशात घेतलेली अस्सल तबकडी, कुलूप दोन्हींना सारखेच अडवते आणि चिप दोन्हींना सारखीच आत सोडते. ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायालयाने, २००५ मध्ये स्टीव्हन्स विरुद्ध सोनी खटल्यात कुलपाच्या स्वरूपावरच बोट ठेवले. हे कुलूप प्रत करताना आड येत नाही, केलेली प्रत चालवताना येते. म्हणून त्या वेळच्या कायद्यातील व्याख्येत ते बसत नाही, असा निकाल झाला. चिप विकणारा सुटला. २००६ मध्ये तेथील संसदेने व्याख्या रुंदावली, पण परदेशात घेतलेली अस्सल प्रत अडवणारी प्रादेशिक कुलपे तिच्याबाहेर ठेवली.