पुढे पळवलेली फीत

चिनी व्हिडिओ कलेचा आरंभ सामान्यतः झांग पेली यांच्या १९८८ सालच्या ‘३० × ३०’ या कृतीपासून मानला जातो. तीत घडते ते एवढेच: हातमोजे घातलेले दोन हात आरसा फोडतात, तुकडे चिकटवतात, पुन्हा फोडतात. हुआंगशान येथील कलावंतांच्या बैठकीत ही फीत दाखवली तेव्हा प्रेक्षक कंटाळले आणि ती पुढे पळवावी लागली. कंटाळा हाच तर त्या कृतीचा विषय होता!

आज प्रदर्शनांतून फीत पुढे पळवण्याचे काम भिंतीवरची टीप करते, असे माझे मत आहे. झांग यांचीच १९९१ची ‘पाणी’ ही कृती घ्या. सरकारी दूरचित्रवाणीच्या वृत्तनिवेदिका शिंग झिबिन शब्दकोशातील ‘पाणी’ची नोंद बातम्यांच्या सुरात वाचतात. १९८९चे आंदोलन चिरडले गेल्यावर दोनच वर्षांनी. ‘सत्तेच्या भाषेवर टीका’ असे टीप सांगते. ते खोटे नाही. पण बातमी देणारा तोच निर्विकार आवाज पाण्याविषयी बोलत राहतो तेव्हा आपला त्यावरचा विश्वास हळूहळू कसा विरतो, हे अखेरपर्यंत ऐकल्यावाचून कळत नाही.

‘चिनी’ हे लेबलही असेच घाई करते. छन चिए-रन यांच्या ‘कारखाना’मध्ये (२००३) तैवानच्या बंद पडलेल्या कपड्यांच्या कारखान्यात पूर्वीच्या कामगार स्त्रिया परत येतात. आवाज नाही, वय झालेले डोळे सुईत दोरा ओवू पाहतात. त्साओ फेई यांच्या ‘कुणाचे स्वप्नलोक’मध्ये (२००६) ग्वांगडोंग प्रांतातील फोशान येथल्या एका परदेशी कंपनीच्या दिव्यांच्या कारखान्यात तरुण कामगार यंत्रांच्या मधोमध नाचतात. दोन्ही कृती ‘चिनी श्रम’ या एका मथळ्याखाली सहज मांडता येतात. पण १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तैवानचे उद्योग स्वस्त मजुरीच्या शोधात मुख्य भूमीकडे आणि आग्नेय आशियाकडे सरकले. एकीकडे काम निघून गेले, दुसरीकडे ते आले. या कृती शेजारी लावायच्या तर त्या या नात्यासाठी. समान वंश किंवा लिपी हे त्याचे कारण नव्हे.

‘हे तर आपले गिरणगाव’ असे मराठी प्रेक्षकाला वाटणे स्वाभाविक आहे. ती ओळख खरीही आहे. मात्र तेवढ्यावर थांबणे म्हणजेसुद्धा फीत पुढे पळवणे. गिरणी कामगाराच्या आठवणीने त्या स्त्रियांचे मौन भरून काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून माझी अपेक्षा साधी आहे. संयोजकाने कृतीची लांबी दारावर लिहावी, बसायला बाक ठेवावे आणि भाष्य बाहेर पडण्याच्या वाटेवर लावावे. अर्थ सांगण्याआधी त्याने प्रेक्षकाला वेळ द्यावा. व्हिडिओ कलेचे मूळ द्रव्य तेच आहे.