लँडसीअरचीं कुत्रीं

एडविन लँडसीअर (१८०२–१८७३) याला जनावरांवर माणसांचीं सोंगें चढविणारा विनोदी चित्रकार म्हणून निकालांत काढण्याची चाल जुनी आहे; आणि ‘लेइंग डाउन द लॉ’ (१८४०) पाहिल्यावर तिला दोष देववत नाहीं. शुभ्र पूडल उघड्या ग्रंथावर पंजा टेकून न्यायाधीशाच्या थाटांत बसला आहे. भोंवतीं बाकीचीं कुत्रीं वकील-पक्षकारांसारखीं जमलीं आहेत. डेव्हनशायरच्या ड्यूकनें चित्र घेतलें आणि आपला स्पॅनियलहि त्यांत रंगवून घेतला! पूडलची लोंकर अप्रतिम उतरली आहे. नजर मात्र माणसाची आहे. थट्टा एकदां कळली, कीं पाहण्यासारखें फारसें उरत नाहीं.

पुढल्याच वर्षीं याच हातानें प्रिन्स आल्बर्टच्या इऑस नांवाच्या ग्रेहाउंड कुत्रीची तसबीर काढली. काम राणी व्हिक्टोरियाचें. पतीला नाताळची भेट म्हणून तिला तें द्यावयाचें होतें. येथें थट्टेला वाव नव्हता. धन्याला आपली कुत्री क्षणांत ओळखूं यावयास हवी होती. चित्रकार हेडन याच्या उपदेशावरून तरुणपणीं शवें फाडून मिळविलेलें शरीरज्ञान येथें फळाला आलें. काळ्या तुळतुळीत कातडीखालीं हाडांची व स्नायूंची ठेवण जाणवते. शेजारीं धन्याची उंच हॅट, हातमोजे व काठी. धनी मात्र नाहीं. कुत्री कुत्रीच राहते, आणि म्हणूनच तिचें वाट पाहणें खरें वाटतें.

मागणीबरहुकूम काढलेलें चित्र म्हणजे कलेची गुलामगिरी, असें मी वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. इऑसपुढें तें विधान मला मागें घ्यावें लागतें. राणीच्या मागणीनें लँडसीअरला त्याच्याच विनोदाच्या तावडींतून सोडविलें, निदान या एका चित्रापुरतें.