जुन्या कोठारांतील नव्या कचेऱ्या : भाडेपट्ट्यांचें एक परीक्षण

जुनीं कोठारें, गोदामें व गिरण्या यांची डागडुजी करून त्यांतील जागा कचेऱ्यांस भाड्यानें देण्याचा प्रघात अलीकडे बराच रूढ झाला आहे. मुंबईंत लोअर परळच्या गिरणी-आवारांत तो विशेष दिसतो. या प्रघातास सरसकट नांवें ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. ओस पडलेली वास्तू पावसापाण्यानें खचते. तिच्यांत माणसें वावरूं लागलीं म्हणजे निदान छपराकडे लक्ष जातें. परंतु ज्या कागदानें अशी वास्तू दुसऱ्याच्या हातीं जाते, तो कागदही आम्हां संशोधकांनीं जुन्या सनदेइतक्याच बारकाईनें वाचावयास हवा.

जुन्या वास्तूंत कचेरी थाटणें हें कांहीं नवें नव्हे. जळकोटाहून सोलापूरच्या वाटेवर लागणारा नळदुर्गच पाहा. बोरी नदीवरील पाणीमहालामुळें तो सर्वश्रुत आहे. १८५३ च्या तहानें धाराशिव प्रांत निजामाकडून इंग्रजांकडे आला, आणि मेडोज टेलर यानें नळदुर्गांत राहून त्याचा कारभार पाहिला. १८६० त हा मुलूख निजामास परत मिळाला. किल्ल्यांत अंबरखान्याबरोबरच मुन्सिफ कोर्ट या नांवानें ओळखली जाणारी वास्तूही दाखवितात. म्हणजे दाणागोटा आणि न्यायनिवाडा हीं दोन्ही कामें एकाच तटाच्या आंत झालीं. पुढें महाराष्ट्र सरकारच्या स्मारक-संगोपन योजनेखालीं २०१४ सालीं हा किल्ला कराराने एका खाजगी संस्थेकडे सोपविण्यांत आला. तो करार आणि कचेरीचा भाडेपट्टा हे एक नव्हेत. तथापि दोहोंबाबत विचारावयाचा प्रश्न एकच आहे : सोंपवितांना काय होतें, याची नोंद कोठें आहे?

मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यांतील कलम १०८ प्रमाणें, उलट ठराव नसेल तर, पट्टेदारानें जागा ताब्यांत घेतांना होती तशाच स्थितींत, वापरानें होणारी झीज वगळून, परत करावयाची असते. नियम उत्तम आहे. पण मूळ स्थिति लिहून ठेवलेली नसेल तर तो पोकळ ठरतो. क्षेत्रफळ, भाडें, अनामत आणि मुदत एवढींच कलमें बारकाईनें लिहिणारा पट्टा कोणत्याही नव्या इमारतीस लागू पडेल. सागवानी तुळया किती, दगडावर पाथरवटाच्या खुणा कोठें, धान्य चढविण्याची कप्पी शाबूत आहे कीं नाहीं, हें त्यांत नसेल तर वास्तूचें जुनेपण भाडें वाढविण्यापुरतेंच उरलें, असें म्हणावें लागतें.

आपले पूर्वज याबाबतींत अधिक दक्ष होते. किल्ल्याचा कारभार एकाकडून दुसऱ्याकडे जातांना कोठींतील धान्य, दारूगोळा व हत्यारें यांची झडती घेऊन याद लिहिली जात असे. अशा यादी आज आम्ही मोलानें जमवितों, आणि त्याच पद्धतीची याद नव्या पट्ट्यास जोडावी हें मात्र कोणास सुचत नाहीं! कोठार रिकामें करतांना माळ्यावरील चोपड्या व रुमाल रद्दीच्या भावानें जाऊं नयेत, यासाठींही तीच याद उपयोगी पडेल.

यादीचा खर्च व्यर्थ आहे, असा आक्षेप येईल. पण ती भाडेकरूचेंही रक्षण करते; जुन्या भेगेचा दोष त्याच्या माथीं येत नाहीं. शिवाय जुन्या आवारांतील फेरफारांवर लक्ष ठेवणें हा जिवाचाही प्रश्न आहे. कमला मिल आवारांत गच्चीवरील उपाहारगृहांस २९ डिसेंबर २०१७ रोजीं लागलेल्या आगींत १४ माणसें दगावलीं, हें विसरतां येत नाहीं.

म्हणून आमची सूचना एवढीच : प्रत्येक पट्ट्यास मोजमापें, छायाचित्रें व वस्तूंची याद जोडावी, फेरफार होईल तसा तारखेनिशीं तींत टिपावा, आणि तिची एक प्रत जवळच्या संशोधन संस्थेच्या दप्तरीं ठेवावी. मुदत संपल्यावर वाद झाला तर ती याद पुरावा होईल. वाद न झाला तरी इतिहासाचें साधन म्हणून ती राहीलच.