झोपले काय जी?

‘अष्टपैलू’ या शब्दाची मला धास्ती आहे. आमच्या बँकेत तो फक्त निरोपसमारंभात ऐकू येतो. ज्याला कॅशमध्ये बसवलं तर नोटा कमी भरतात, क्लिअरिंगला बसवलं तर चेक सापडत नाहीत आणि कर्जाच्या टेबलावर बसवलं तर अर्जदारच परत येत नाही, अशा माणसाला तीस वर्षांत सगळ्या टेबलांवरून फिरवतात. मग नारळ देताना मॅनेजर भरल्या गळ्यानं म्हणतात, “यांच्यासारखा अष्टपैलू सहकारी पुन्हा मिळणे नाही!” त्यातला ‘मिळणे नाही’ एवढाच भाग मनापासून असतो.

हा शब्द गेल्या कोजागरीला मी पुन्हा ऐकला. मी राहणारा अमरावतीचा, नोकरी अकोल्यात. आठवडाभर अकोल्यात खोली करून राहायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडी पकडून, बडनेऱ्याला उतरून घर गाठायचं, असा आमचा संसार हप्त्याहप्त्यानं चाललेला. तर कोजागरीला शाखेतल्या मंडळींनी एका गच्चीवर मसाला दूध आणि कराओके असा बेत केला. कराओके म्हणजे वाजवणारे नसलेला ऑर्केस्ट्रा. गाणारा चुकला तरी वाजवणारे थांबत नाहीत, हा त्याचा मोठा गुण.

आमच्या कॅशियरबाईंनी ‘कारवाँ’मधलं हेलनचं गाणं असं काही म्हटलं, की मधली ‘मोनिका’ची आरोळी आमच्या हेडकॅशियरांनी ठोकली. हे गृहस्थ एरवी ‘टोकन नंबर बारा’सुद्धा पुटपुटतात. लगेच त्याच बाईंनी ‘तरुण आहे रात्र अजुनी’ घेतलं. निवेदक पुढे सरसावला आणि म्हणाला, “पाहा रसिकहो, आशा भोसले असंही गाऊ शकतात! याला म्हणतात अष्टपैलू!”

हे ‘असंही’ माझ्या दातात भुईमुगाच्या फोलपटासारखं अडकलं. आमचे दफ्तरी दुधाचा पेला हातात घेऊन माझ्याजवळ सरकले आणि म्हणाले, “साहेब, गानं सोपं हाये ना. बाई इचारते, ‘काहून जी, झोपले काय?’ एवढंच हाये.”

समीक्षा म्हणून मी आयुष्यात जे काही वाचलं, त्यात इतकं नेमकं वाक्य मला आढळलेलं नाही. बाकीचा लेख हे त्या वाक्यावरचं भाष्य समजावं.

माझी आणि आशाबाईंची ओळख उलट्या बाजूनं झाली. 1997 साली मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. त्या साली लेस्ली लुईसबरोबरचा त्यांचा ‘जानम समझा करो’ हा पॉप अल्बम आला. राजकमल चौकातल्या पानठेल्यावरून तो आवाज सायकलच्या मागे लागायचा. त्याआधी 1995 साली ‘रंगीला’ येऊन गेलेला होताच. आशा भोसले म्हणजे माझ्या लेखी एक पॉप गायिका, वय अंदाजे पंचवीस. पुढे कुणीतरी सांगितलं, की बाईंचा जन्म 8 सप्टेंबर 1933 चा. मी कॉमर्सचा विद्यार्थी, वजाबाकी तिथल्या तिथे केली. चौसष्ट! आमच्या बँकेत साठाव्या वर्षी घरी पाठवतात. तेव्हापासून मी वयाचा आणि आवाजाचा ताळमेळ घालणं सोडून दिलं.

आमचे वडील मराठीचे शिक्षक. त्यांच्या कॅसेटच्या कपाटात वरच्या फळीवर लताबाई आणि भीमसेन. खालची फळी रिकामी होती, पण आशाबाईंसाठी नव्हे. त्यांच्या मते एका घरात दोन बहिणी जन्मल्या. एकीनं देवघर सांभाळलं आणि दुसरीनं दिवाणखाना. शिक्षकाच्या दोन खोल्यांच्या घरात दिवाणखाना नसतो, तेव्हा प्रश्न मिटला.

पण वडिलांचा एक हळवा कोपरा होता: सुरेश भट. भट आमच्या गावचे. 15 एप्रिल 1932 ला अमरावतीत जन्मले, इथेच बी.ए. झाले. हे वडील पाहुण्यांना अशा थाटात सांगायचे, की पाळण्याची दोरी यांच्याच हातात असावी. ‘रूपगंधा’ आणि ‘रंग माझा वेगळा’ या दोन्ही संग्रहांना खाकी कव्हर घातलेलं. एकदा ते भटांच्या गाण्यांची कॅसेट भरून घेऊन आले. रात्री दिवा घालवून आम्ही ऐकत होतो. लताबाईंचं ‘मालवून टाक दीप’ झालं, मग ‘मेंदीच्या पानावर’ झालं आणि मग एक गाणं असं सुरू झालं, की खोलीत आणखी कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. कुणीतरी अगदी जवळ, कुणाला तरी न दुखवता, पण सोडायचंही नाही अशा बेतानं, काहीतरी विचारत होतं.

“हेही लताबाईंचंच ना?” मी विचारलं.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग अंधारातून आवाज आला, “नाही. आशाबाई आहेत.”

‘आशाबाई’! त्या नावाला ‘बाई’ लागलेलं मी आमच्या घरात प्रथमच ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती कॅसेट वरच्या फळीवर होती.

माझी मात्र पंचाईत झाली. पानठेल्यावरची ती आणि रात्रीची ही, दोघींची सही एकच! ज्या रकमेचं खातं सापडत नाही, ती आम्ही तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतो. आशाबाईंना मी तिथे टाकलं, आणि पुढली पंचवीस वर्षं ती रक्कम तशीच पडून राहिली. ऑडिटरनं मला सोडलं नसतं.

कोजागरीच्या रात्री दफ्तरींच्या वाक्यानं ती नोंद एकदाची वळती झाली. गाणं आहे काय? बाईनं विचारलं, झोपलात का? रात्र अजून तरुण आहे, आणि हा गडी कूस बदलून गार. या प्रश्नात लाड आहे, तक्रार आहे, थोडी थट्टा आहे आणि खोल कुठेतरी अपमानही आहे. नुसतं कारुण्य ओतलं तर गाणं रडकं होईल, नुसती थट्टा केली तर बाजारी. हे दोन्ही एका श्वासात मावायला हवं. आणि ते कुणाला जमणार? जिला थट्टा ठाऊक आहे तिला. ‘कारवाँ’ हा 1971 चा. त्या गाण्यात राहुलदेव बर्मननी आशाबाईंचे श्वाससुद्धा वाजवून घेतले आहेत. तिथे श्वास सगळ्यांच्या देखत खर्च होतो, चालू खात्यासारखा. ‘तरुण आहे’मध्ये तोच श्वास कुठे घेतला ते कळत नाही. भांडवल तेच, फक्त ते मुदत ठेवीत आहे. म्हणून त्यावर व्याज मिळतं.

मला वाटतं, ‘असंही गाऊ शकतात’ म्हणणाऱ्याची चूक इथे होते. त्याला वाटतं, बाईंनी एक साडी सोडून दुसरी नेसली. पण साडी बदलली तरी आत बाई तीच. जिला हाक मारून गल्ली जागी करता येते, ती जेव्हा कानाशी कुजबुजते, तेव्हा त्या कुजबुजीत न मारलेली हाक ऐकू येते. ज्याचा आवाज मुळातच लहान, त्याच्या हळू बोलण्याचं कुणाला काय कौतुक? हळुवार गाणं म्हणजे कमी गाणं नव्हे. पुष्कळ असताना बेतानं देणं.

चाल हृदयनाथांची, म्हणजे धाकट्या भावाची. धाकट्या भावानं बसवलेली चाल मोठ्या बहिणीनं निमूटपणे शिकून गायची, हे आमच्याकडे भाऊबीजेच्या दिवशीसुद्धा घडत नाही. शिवाय त्यांच्या चाली ऐकताना सोप्या वाटतात आणि गुणगुणायला गेलं की दुसऱ्या ओळीला माणूस उघडा पडतो. त्या रात्री कॅशियरबाईंचंही तेच झालं. ‘कारवाँ’मध्ये एक चूक झाली ती टाळ्यांत बुडाली, इथे झाली ती सगळ्यांनी ऐकली.

पुढे 1981 च्या ‘उमराव जान’साठी खय्यामसाहेबांनी आशाबाईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. त्यांना ते आधी पटलं नव्हतं म्हणतात. पण त्याच गझलांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. मग 1987 च्या ‘इजाजत’मध्ये गुलजारांनी यमक नसलेला, घरगुती सामानाच्या यादीसारखा मजकूर दिला, तोही त्यांनी गायला आणि पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. लोक म्हणाले, बाई बदलल्या. माझ्या मते बदलली ती पट्टी. आवाज खाली आला आणि आत काय काय होतं ते दिसलं, विहिरीचं पाणी उतरल्यावर पायऱ्या दिसतात तसं.

आता वाचक म्हणतील, तुम्ही बँकेचे कारकून, तुम्हाला पट्टीचं काय कळतं? कळतं. दिवसाचे सात तास मी काळी पाचमध्ये बोलतो. “भाऊ, माह्यं पासबुक भरून द्या ना!” या विनंतीला “सर्व्हर डाऊन आहे!” हे उत्तर काचेच्या पलीकडे पोचवायचं म्हणजे गळा लागतो. शुक्रवारी गाडीत बोरगाव मंजू, मूर्तिजापूर गेलं तरी तो आवाज खाली उतरत नाही. रात्री घरी जेवून मी आडवा होतो. बायको ओटा पुसून, गॅस बंद करून येते आणि दारातून हळूच विचारते, “झोपलात का हो?”

हा प्रश्न ती दर शुक्रवारी विचारते. कित्येक शुक्रवार त्याचं उत्तर घोरण्यानं दिलं गेलं. जागा असलो तर मी काउंटरच्या पट्टीत म्हणायचो, “काय आहे?” ती म्हणायची, “काही नाही.” विषय संपायचा. आपल्या घरात दर आठवड्याला एक भावगीत होतं आणि आपण त्याला टोकन नंबर विचारतो, हे मला दफ्तरींनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

कोजागरीनंतरच्या शुक्रवारी मी ठरवून जागा राहिलो. दारातून प्रश्न आला. मी गळा साफ केला, खय्यामसाहेबांचं स्मरण केलं आणि जमेल तेवढ्या खालच्या पट्टीत, अतिशय हळुवार म्हणालो, “नाही गं. जागा आहे मी.”

ती झपाट्यानं आत आली, दिवा लावला आणि माझ्या कपाळाला हात लावला. “घसा बसला का? कणकण वाटते का?” मी काही बोलायच्या आत हळद घातलेलं गरम दूध आलं.

मी ते प्यालो. दिवा घालवला. मग अंधारात बराच वेळानं ती म्हणाली, “तसं काही नाही, पण माझा गुडघा दुखतो आहे. मंगळवारपासून.”

मंगळवारी मी फोन केला होता. “सगळं ठीक?” एवढं मोठ्यानं विचारून ठेवूनही दिला होता.

त्या रात्री ती गुडघ्याचं बोलली, मुलाच्या फीचं बोलली, वडिलांच्या जुन्या कॅसेटना बुरशी आली आहे तेही बोलली. मी ऐकत होतो. बारा वाजून गेले तरी मला झोप आली नाही. अष्टपैलू म्हणवून घेण्याइतकी माझी प्रगती झालेली नाही. तूर्त एक पैलू पडला, एवढं पुरे.