नाव ठेवणे आणि नाव ओळखणे : अहेरी परिसरातील व्यक्तिनामे आणि मराठी वाचक

विशेषनामाला अर्थ असतो की केवळ निर्देश, हा प्रश्न जुना आहे. पतंजलीने शब्दांच्या प्रवृत्तीचे जे चार प्रकार सांगितले, त्यांतील यदृच्छाशब्द म्हणजे डित्थ, डवित्थ यांसारखी केवळ वक्त्याच्या इच्छेवर उभी असलेली नावे. जाती, गुण वा क्रिया यांचा आधार त्यांना नसतो. जॉन स्टुअर्ट मिलनेही १८४३ मध्ये जवळपास हीच भूमिका मांडली. विशेषनाम व्यक्तीकडे बोट दाखवते, तिच्याविषयी काही सांगत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मराठी समाजव्यवहाराने मात्र ही भूमिका कधी मानली नाही. बारशाच्या वेळी चाळल्या जाणाऱ्या नामावल्यांत प्रत्येक नावापुढे त्याचा ‘अर्थ’ दिलेला असतो आणि तो बहुधा संस्कृत कोशातून उचललेला असतो. मराठी समीक्षेची सवय यापेक्षा फार निराळी नाही. ‘कोसला’च्या (१९६३) नायकाचे नाव पांडुरंग आहे, या गोष्टीला अर्थ आहे असे वाचक गृहीत धरतो आणि विठ्ठलाच्या दिशेने तो अर्थ शोधू लागतो. या दोन्ही व्यवहारांमागे एकच गृहीत आहे: अर्थ नावाच्या शब्दात असतो, आणि ते नाव देणाऱ्याने निवडून दिलेले असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, विशेषतः अहेरी, एटापल्ली, भामरागड या भागात, हे गृहीत टिकत नाही. मराठी वाचकाने आणि लेखकाने याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

मराठी बारशात आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. नाव बाहेरून येते आणि बाळ ते स्वीकारते. म्हणूनच मराठीत नाव ‘ठेवले’ जाते. गोंड समूहांविषयीच्या मानववंशशास्त्रीय नोंदींत याच्या नेमका उलट विधी दिसतो. कुळातील मृत माणसांपैकी कोण परत आले आहे, हे तेथे ओळखायचे असते. वडीलधाऱ्यांची नावे एकामागून एक उच्चारली जातात. ज्या नावाला रडणारे मूल शांत होते वा आईच्या छातीला लागते, ते त्याचे नाव. म्हणजे निवड झालीच असेल, तर ती मुलाने केलेली असते. येथे नाव ठेवले जात नाही, ओळखले जाते.

हा भेद केवळ लोकाचारातील गंमत म्हणून सोडून देता येणार नाही. सॉल क्रिप्कीने १९७० च्या व्याख्यानांत विशेषनामाची जी उपपत्ती मांडली, तीत आरंभी एक नामकरणाची घटना असते आणि पुढे वक्त्यांची साखळी ते नाव वाहून नेते. गोंडी विधीत ही आरंभघटना सापडत नाही, कारण नाव मुलाच्या आधीपासून आहे. मूल हा साखळीचा आरंभ नव्हे, तिची एक कडी आहे. अशा नावाचा अर्थ विचारायचा, तर ‘या शब्दाचा अर्थ काय’ हा प्रश्न गैरलागू ठरतो आणि ‘हे नाव कोणाचे’ हा प्रश्न लागू पडतो. मराठी परंपरा या जाणिवेला सर्वस्वी परकी आहे असेही नाही. पेशव्यांच्या घराण्यात बाळाजी, त्याचा बाजीराव, त्याचा पुन्हा बाळाजी, ही आवर्तने आहेतच. परंतु तेथे आजोबांचे नाव नातवाला मानाने दिले जाते. आजोबा स्वतः परत आल्याचा दावा कोणी करत नाही.

आता या नावांच्या उगमाविषयी. उगम शोधणारा अभ्यासक ‘मूळ’ गोंडी नावांच्या शोधात निघाला, तर अहेरी त्याला लवकरच निराश करील. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगण आहे आणि अलीकडच्या बाजारात तेलुगू सर्रास चालते. चिन्ना म्हणजे तेलुगूतील धाकटा. पोचम्मा देवीवरून पोचय्या, वेमुलवाड्याच्या राजन्नावरून राजय्या, मेडारमच्या जत्रेतील सम्मक्केवरून सम्मय्या. सिरोंच्याच्या दिशेने जावे तसतशी ही नावे दाट होत जातात. पूर्वेला बस्तरकडे वळले की आयतू, सोमारू, मंगरू, बुधू, सुकरू ही वारांची नावे भेटतात. बोलणाऱ्यांची भाषा द्राविडी, पण वारांचे शब्द आर्यभाषांतून आलेले. आठवड्याची कल्पना आणि आठवडी बाजार जंगलात बरोबरच शिरले असावेत, असा तर्क येथे करता येतो. पूस, चैत, फागुन या महिन्यांवरून पडलेली पुसू, चैतू, फागू ही नावेही याच वर्गातली. आदिवासी नावे म्हणजे काळाच्या बाहेर राहिलेले काहीतरी शुद्ध, असे मानणाऱ्या भाबड्या दृष्टीला ही यादी पुरेसे उत्तर आहे.

मराठी वाचकाची खरी अडचण उगमात नसून व्याकरणात आहे. भामरागडपासून दक्षिण बस्तरपर्यंतच्या पट्ट्यात पुरुषनामे व स्त्रीनामे जोडीने येतात: लखमा-लखमे, हिडमा-हिडमे, देवा-देवे, नंदा-नंदे, गंगा-गंगे, मासा-मासे. शेवटचा ‘आ’ पुरुषाचा, ‘ए’ बाईचा. मराठी कानाला गंगा आणि नंदा या बायका वाटतात. ‘गंगा आला’ हे वाक्य त्याला मुद्रणदोष भासतो. ‘मासे आली’ या वाक्यात तर एका बाईचे पाण्यातले प्राणी होतात. विभक्ती लावताना लेखकाची परीक्षा होते. ‘मासाला’ म्हटले तर माणूस उरतो, ‘माशाला’ म्हटले की तो गेला. मराठीत सामान्यनामाचे सामान्यरूप होते आणि विशेषनाम बहुधा तसेच राहते. म्हणजे अशा नावाला विशेषनाम मानायचे की नाही, याचा निर्णय लेखक प्रत्येक वाक्यात व्याकरणाने घेत असतो, मग तो त्याच्या ध्यानात असो वा नसो. या भागाविषयीच्या मराठी लेखनात पुष्कळदा असे घडते की सेवाकार्य करणारे, अधिकारी, पत्रकार यांना नाव-आडनाव असते आणि समोरचा ‘एक माडिया’ किंवा ‘एक म्हातारी’ एवढाच राहतो. यामागे सहानुभूतीचा अभाव नसतो. ते नाव वाक्यात कसे चालवावे हे ठाऊक नसते, हेही एक कारण असू शकते.

अहेरीतच नावांचा दुसरा, वरच्या थरातला इतिहास आहे आणि तो अधिक परिचित आहे. अहेरीची जमीनदारी आत्राम या राजगोंड घराण्याची. धर्मराव, विश्वेश्वरराव, सत्यवानराव, अंबरीशराव ही त्या घराण्यातील नावे पुराणांतून घेतलेली आणि ‘राव’ने बांधलेली. हा ‘राव’ मराठी की तेलुगू, हे अहेरीत बसून सांगणे कठीण. दोन्ही दरबारी परंपरांत तो प्रतिष्ठेचा आहे, आणि त्याची उपयुक्तता बहुधा या संदिग्धतेतच असावी. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी दिले. त्यांच्या वडिलांचे नाव पुल्लेसूर. बापाचे नाव मराठी वाचकाला अडखळवते, मुलाचे नाव मात्र चांद्याच्या पेठेतही खपून जाईल असे आहे. बंड करणाऱ्या माणसाच्या नावात ‘बाबू’ आणि ‘राव’ असे दोन आदरार्थी शब्द शेजारी बसावेत आणि व्यक्तीचे असे वेगळे नाव त्यात उरू नये, हेही लक्षणीय. राजगोंडांनी नावे बदलली म्हणून ते परके झाले, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. आत्राम, शेडमाके ही कुळनामे ढळली नाहीत. चार, पाच, सहा वा सात देवांच्या गटांत विवाहसंबंध ठरवणारी व्यवस्था कुळनामावर उभी असते. पहिले नाव बदलल्याने तिला धक्का लागत नाही. मराठी माणूस नावात व्यक्तित्व शोधतो आणि आडनावात जात. येथे दोहोंचेही काम निराळे आहे.

नाव बदलण्यातील ताण मराठी साहित्याने ओळखलेलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दया पवारांच्या ‘बलुतं’ची (१९७८) रचनाच दगडू आणि दया या दोन नावांच्या संवादावर उभी आहे. तेथे दगडू हे नाव गावाने ठेवलेले आहे, ‘नावे ठेवणे’ या वाक्प्रचाराच्या दोन्ही अर्थांनी. म्हणून त्या नावापासून दूर जाण्यात सुटका आहे आणि पुन्हा त्याच्यापाशी येण्यात वेदना. अहेरीच्या संदर्भात हा साचा जसाच्या तसा लावता येत नाही. ओळखून मिळालेले नाव टाकणे म्हणजे हीनतेचा शिक्का पुसणे नव्हे. ज्याचे ते नाव होते त्या पूर्वजाची कडी तोडणे आहे. दलित आत्मकथनांच्या वाचनातून आलेल्या संकल्पना आदिवासी लेखनाला लावणाऱ्या समीक्षेने येथे थोडे थांबावयास हवे.

हेमलकशात दीर्घकाळ काम केलेल्या विलास मनोहर यांची दोन शीर्षके या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ‘नेगल’ हे एका बिबट्याचे विशेषनाम आहे. ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ (१९९२) या कादंबरीच्या शीर्षकात मात्र माणसाला नाव नाही. आहे ती ‘एक’ ही अनिश्चितता आणि एका वर्गाचे नाव. वरवर पाहता हा लेखकाचा दोष वाटेल. परंतु कादंबरी वाचल्यावर शीर्षक अचूक वाटू लागते, कारण जंगलखाते, पोलीस आणि दलम यांच्या कचाट्यात नाव असलेला माडिया तरुण सामान्यनामात कसा ढकलला जातो, हाच तिचा विषय आहे. शीर्षकातील ‘जन्म’ या शब्दालाही त्यामुळे धार येते. या जन्माला ओळखून दिलेले नाव नाही.

त्यापुढचा टप्पा ‘ऊर्फ’चा. एका माणसाला दोन नावे असणे या प्रदेशाला नवे नाही. व्हेरिअर एल्विनने १९४७ च्या ग्रंथात उत्तर बस्तरच्या मुरियांची घोटुलनामे नोंदवली आहेत. सिरदार, दिवाण, बेलोसा ही नावे घोटुलात प्रवेश केलेल्याला मिळत आणि लग्नानंतर सुटत. ते नाव सोबत्यांमधील स्थान सांगणारे होते. दलममध्ये मिळणारे नाव याच्या उलट काम करते. घर, गाव आणि कुळ यांचा माग लागू नये, एवढ्यासाठीच ते असते. पोलिसांच्या याद्यांत आणि मराठी वृत्तपत्रांत दोन्ही नावे ‘ऊर्फ’ने जोडली जातात, आणि त्यातले कोणते आधी छापावे याला नियम नसतो. दक्षिण बस्तरातील प्रथेप्रमाणे कुळनाम आधी आले असेल, तर मराठी बातमीदार त्यालाच पहिले नाव समजतो. मग मडावी हे माणसाचे नाव होते, हिडमा त्याचे आडनाव, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत हिडमा कुटुंबीयांची प्रतिक्रिया येते.