पडद्यावरचा गालिब

ज्याचे आयुष्य मद्य, द्यूत, कर्ज आणि कारावास यांनी भरलेले आहे अशा कवीकडे चित्रपटाचे लक्ष चटकन जावे यात नवल नाही. कारण प्रसंगांची जी सामग्री कथाकाराला एरवी कल्पनेने जमवावी लागते, ती येथे चरित्रातच आयती हाती येते. अडचण सुरू होते ती कवितेपाशी. जिच्यामुळे या माणसाची दारू आणि देणी यांची जगाने दखल घेतली ती कविता निर्माण होत असताना डोळ्यांना दिसण्याजोगे फारसे काही घडत नाही, आणि मग दिग्दर्शक दिसते तेवढ्याचीच मांडणी करून कवीच्या वाट्याचे काम गायकावर सोपवून मोकळा होतो. मिर्झा असदुल्ला खान गालिब (1797–1869) याच्या पडद्यावरील अवतारांचा विचार करताना ही उणीव मला पुनःपुन्हा जाणवते.

सोहराब मोदी यांचा ‘मिर्झा गालिब’ 1954 साली आला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला लाभले. भारत भूषण यांचा गालिब सौम्य, काहीसा पुस्तकी आहे. पण सुरैयाने उभी केलेली गालिबची प्रेयसी चौदहवीं आणि गुलाम महंमद यांच्या चालींवर तिने गायलेल्या गझला यांचे मोल आजही उतरलेले नाही. कथा सआदत हसन मंटोची, संवाद राजिंदर सिंग बेदींचे. ही चौदहवीं आली कोठून? हातिम अली मेहर या स्नेह्याची प्रेयसी वारली तेव्हा गालिबने त्याला जे सांत्वनाचे पत्र लिहिले, त्यात आपणही तारुण्यात एका डोमनीवर, म्हणजे गाणे हाच पेशा असलेल्या स्त्रीवर, जीव जडवला होता असा ओझरता उल्लेख आहे, आणि एवढ्याशा आधारावर अख्ख्या चित्रपटाचा इमला रचलेला आहे. कल्पनेचे हे स्वातंत्र्य मी वावगे मानीत नाही. वावगे वाटते ते पुढले. घरात जुगार चालविल्याच्या आरोपावरून गालिबला 1847 साली सहा महिन्यांची सजा झाली, ती निम्मी भोगून तो सुटला. चित्रपटात या सजेच्या मुळाशी त्याच प्रेयसीवर डोळा असलेल्या कोतवालाचा मत्सर येतो. कोतवाल आपला वैरी होता अशी तक्रार गालिबनेही केली आहे खरी. परंतु तो जुगार खेळत होता हेही तितकेच खरे, आणि पकडला गेल्यावर ज्या अमीर-उमरावांत त्याची रोजची ऊठबस होती त्यांपैकी बहुतेकांनी पाठ फिरवली असता नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांच्यासारखा एखादाच पाठीशी उभा राहिला, ही हकीकत कोणत्याही रचलेल्या खलनायकापेक्षा अधिक कठोर आहे. नायकाला निर्दोष ठरविण्याच्या घाईत, स्वतःवर नेम धरून शेर लिहिणारा कवी हातचा निसटला.

गझलेचा स्वभावही येथे आडवा येतो. तिच्यातला प्रत्येक शेर आपापल्या पायांवर उभा असतो आणि त्यातील प्रिय व्यक्ती स्त्री आहे, सत्ता आहे की ईश्वर आहे, हे कवी मुद्दाम मोकळे ठेवतो. तीच गझल एका विशिष्ट स्त्रीच्या खिडकीखाली, एका विशिष्ट विरहासाठी म्हटली गेली की बाकीचे सगळे अर्थ त्या क्षणी बंद होतात.

गुलजार यांनी 1988 साली दूरदर्शनसाठी केलेली मालिका या बाबतीत पुष्कळ पुढे गेली. नसीरुद्दीन शाह शेर आधी नुसता बोलतात, त्याच्या यतीवर थांबतात, ऐकणाऱ्याला विचारास अवसर देतात; आणि तन्वी आझमी यांनी साकारलेल्या गालिबच्या पत्नीमुळे, उमराव बेगमेमुळे, ज्या घरात सात अपत्यांतले एकही जगले नाही त्या घराचे मौन प्रथमच पडद्यावर आले. जगजीत आणि चित्रा सिंग यांच्या गायनाने गालिब घरोघर पोहोचला, हे ऋण मोठे आहे. तरीही त्या स्वरांच्या मार्दवात गालिबच्या बुद्धीची धार बोथट होते, आणि ऐकणारा शंकेऐवजी केवळ उदासी घेऊन उठतो.

कविता स्वतःच कथेला पुढे ढकलते असे मला दिसले ते ‘प्यासा’मध्ये (1957), जेथे कवी काल्पनिक होता आणि साहिर यांची वेश्यावस्तीवरील पूर्वीची नज्म गुरुदत्त यांनी त्या गल्लीतून चालत्या माणसाच्या पावलांवर बसविली. नंदिता दास यांनी ‘मंटो’त (2018) लेखकाच्या कथाच त्याच्या चरित्रात ओवल्या, तोही मार्ग मोलाचा आहे.

गालिबसाठी असा मार्ग त्याच्या कागदपत्रांतून जातो असे माझे ठाम मत आहे. त्याचे चुलते नसरुल्ला बेग खान मराठ्यांच्या वतीने आग्र्याचा अंमल पाहत होते आणि 1803 साली त्यांनी ते शहर इंग्रज सेनापती लॉर्ड लेकच्या हवाली केले, हा धागा मराठी वाचकाने ध्यानी घ्यावा. चुलत्यांच्या पश्चात आश्रितांसाठी जो तनखा बांधला गेला, त्यातले दरमहा 62 रुपये 8 आणे गालिबच्या वाट्याला आले. हिस्सा बुडविला गेला अशी दाद मागण्यासाठी तो दिल्लीहून निघून 1828 मध्ये कलकत्त्यास पोहोचला, अर्ज केले, खेटे घातले, आणि अखेर दावा हरला. 1857 नंतर तेवढीही रक्कम बंद झाली, आणि ती 1860 मध्ये पुन्हा सुरू होईपर्यंत उधारीवर दिवस निघाले. दारूत गुलाबपाणी मिसळून पिणारा हा मनुष्य रात्री शेर सुचला की कमरबंदाला एक गाठ मारी आणि सकाळी एकेक गाठ सोडीत, स्मरणातून शेर उतरवून काढी, असे त्याचा शिष्य हाली याने लिहून ठेवले आहे. मद्य, स्मरण आणि रचना ही तिन्ही ज्यात एकाच कृतीत दिसतात असे दृश्य कॅमेऱ्याला याहून कोण देणार?

तेव्हा पुढे जो कोणी हा विषय हाती घेईल त्याने संगीतकार ठरविण्याआधी ‘ऊद-ए-हिंदी’ आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे पत्रसंग्रह वाचावेत, कलकत्त्याच्या दाव्याची कैफियत समजून घ्यावी, आणि निदान एक गझल तरी वाद्यांवाचून, पूर्ण, नुसती बोलू द्यावी.