झगमगाटाचे लघुपट

विद्यार्थ्यांच्या लघुपट महोत्सवात 'प्रायोगिक' विभाग सुरू झाला की पहिल्या मिनिटात काय दिसणार हे आता डोळे मिटून सांगता येतं. पावसानं ओला झालेला रस्ता, त्यावर मुद्दाम पुसट केलेल्या दिव्यांची लाल-पिवळी वर्तुळं, उड्डाणपुलाखालून जाणारी दुचाकी, कानात हेडफोन घातलेला एक तरुण आणि शहराला झोप कशी नाही याविषयी कुजबुजत्या आवाजातलं निवेदन. खाली पियानो. आठ मिनिटांनी श्रेयनामावली, आणि तीत पुणे शहराचे विशेष आभार.

हे लघुपट तांत्रिकदृष्ट्या वाईट नसतात, हीच खरी पंचाईत आहे. पंधरा वर्षांपूर्वी रात्रीचं चित्रण म्हटलं की विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा यायचा. आता मोबाइलसुद्धा अंधारात स्वच्छ चित्र देतो, रंग घरच्या लॅपटॉपवर जुळवता येतात. सफाई आली, पण ती सगळी एकाच साच्यातली. यातलं एखादं दृश्य कोथरूडऐवजी बंगळुरूत किंवा सेऊलमध्ये घेतलं असतं तरी लघुपटात तसूभर फरक पडला नसता. दिवा कुणाचा, तो कशासाठी लावलाय, त्याच्या उजेडात कोण काय काम करतंय, हे प्रश्न कॅमेऱ्याला पडतच नाहीत. दिवे म्हणजे नुसती सजावट, लग्नाच्या मांडवासारखी.

या प्रकाराची परंपरा मात्र भलतीच करडी आहे. विल्यम क्लाइननं १९५८ साली 'ब्रॉडवे बाय लाइट' केला, तेव्हा न्यूयॉर्कच्या निऑन पाट्यांच्या जोडीनं शिडीवर चढून त्या पाट्यांवरची अक्षरं बदलणारे कामगारही त्याला दिसले. मेरी मेंकननं 'लाइट्स' हा काही मिनिटांचा लघुपट ख्रिसमसच्या रोषणाईवर केला. हातात बोलेक्स कॅमेरा घेऊन मध्यरात्री, रस्ते रिकामे झाल्यावर ती चित्रण करायची. बाई स्वतः टाइम-लाइफच्या कचेरीत रात्रपाळीची नोकरी करत होती. तिचा कॅमेरा थरथरतो, झेपावतो, दिव्यांच्या रेघा ओढतो. पण तो उगाच थरथरत नाही, हात रेखाटनाला सरावलेला आहे हे कळतं. आणि लांब कशाला जायचं? दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज एकेक फ्रेम घेत त्याच्या अंकुराची वाढ पडद्यावर आणली. आज ज्याला टाइम-लॅप्स म्हणून मिरवलं जातं ते हेच. फाळक्यांचा नियम साधा होता: रोज एक फ्रेम, चुकवायची नाही. प्रायोगिक सिनेमाला असा एखादा नियम लागतो. आपला विद्यार्थी नियम मोडायला उत्सुक असतो, पण मोडण्याजोगा नियम आधी स्वतःवर घालून घ्यायला तयार नसतो.

आपल्याकडे चांगली उदाहरणं नाहीत असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवर, प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटनं हा वारसा चालवला आहे. इथल्या अमित दत्ताच्या 'क्रमशः'ला २००७ मध्ये ओबरहाउझनच्या लघुपट महोत्सवात समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. पायल कपाडियानं भीमाशंकरजवळच्या कोंडवळमध्ये 'अँड व्हॉट इज द समर सेइंग' केला. तिथल्या बायकांचं दबक्या आवाजातलं बोलणं आणि रान यांतून तो उभा राहतो. पुढे २०२१ च्या 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'मध्ये तिनं इन्स्टिट्यूटमधल्या रात्री कृष्णधवल, भरड दाण्याच्या प्रतिमांत दाखवल्या. विद्यार्थ्यांचा संप, वसतिगृह, नाच, सगळं त्या दाण्यात मुरलेलं. आजचा विद्यार्थी हा दाणा सॉफ्टवेअरनं पुसून टाकतो. किंवा, त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे, स्वच्छ चित्र घेतो आणि वरून दाणा भुरभुरवतो.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो चिदानंद नाईक यांचा 'सनफ्लॉवर्स वर द फर्स्ट वन्स टू नो'. इन्स्टिट्यूटच्या टीव्ही विभागातल्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात केलेला हा कन्नड लघुपट. २०२४ साली कान महोत्सवात विद्यार्थी चित्रपटांच्या 'ला सिनेफ' विभागात तो पहिला आला. त्याच महोत्सवात पायलच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला ग्रां प्री मिळाला. गोष्ट लोककथेतली: एक म्हातारी कोंबडा पळवते, मग सूर्य उगवतच नाही, गाव अंधारात बुडतं. चित्रीकरणाला चार दिवस आणि सगळं काम रात्रीचं. इथं अंधार ही वातावरणनिर्मिती नाही, अंधार हाच कथेचा पेच आहे. दिवटी किंवा कंदील पडद्यावर आला की तो कुणाच्या हातात आहे, कुठे निघालाय, हे प्रेक्षकाला कळावं लागतं, नाहीतर गोष्टच पुढे सरकणार नाही. प्रत्येक दिव्याला काम आहे. नाईक आधी डॉक्टर होते हे वाचल्यावर मला मुळीच नवल वाटलं नाही. नेमकं कुठे बोट ठेवायचं हे त्यांना ठाऊक आहे.

दुर्दैव असं की २०२४ नंतर विद्यार्थ्यांनी या दोन चित्रपटांमधून उचलली ती फक्त निळी रात्र. 'ऑल वी इमॅजिन'च्या सुरुवातीला मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसांचे आवाज रात्रीच्या बाजारावरून ऐकू येतात, ते मात्र कुणी उचलले नाहीत.

विद्यार्थी-चित्रपटांचं दुसरं टोक नगरला आहे. नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' केला तो नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात जनसंज्ञापन शिकताना, आणि दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तो प्रायोगिक नव्हे, पण जिल्ह्याच्या गावातून, आपल्याच गल्लीकडे पाहून राष्ट्रीय पातळीवर जाता येतं हे त्यानं एका झटक्यात दाखवून दिलं. लॉ कॉलेज रोड आणि हे नगर, यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या साधारण मध्यावर शिरूर आहे. पण रात्रीच्या दिव्यांचा लघुपट करायचा म्हटलं की शिरूरचा मुलगा पुण्याला जातो. दौंडची मुलगी तर रोज अप-डाऊन करते. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी डेक्कनवर चित्रण, रात्रीच्या गाडीनं परत. दौंड स्टेशनात उतरताना कॅमेरा बॅगेत गेलेला असतो.

खरं तर चित्रण तिथून सुरू व्हायला हवं. दौंडला पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांचे रूळ येऊन मिळतात. यार्डातल्या रात्रीला व्याकरण आहे. लाल, पिवळा, दुहेरी पिवळा, हिरवा. आणि खाली जमिनीलगत शंटिंगच्या सिग्नलचे दोन पांढरे दिवे. ते आडवे दिसले की थांबायचं, तिरके झाले की सावकाश पुढे. फलाटावरचा चहावाला हे दिवे न पाहताही गाडी कधी हलणार ते ओळखतो, आणि ज्याच्यावर गाडी अवलंबून आहे तो माणूस मात्र त्यांच्यावरून नजर काढत नाही. सोलापूरकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन पूर्वी इथं फिरवावं लागे. एका टोकाचं इंजिन सुटायचं, त्याचा झोत यार्डात दूर जायचा, दुसऱ्या टोकाला झोत हळूहळू मोठा होत डब्याला येऊन टेकायचा, आणि मधल्या वेळात फलाट जागा व्हायचा: वडापाव, पाण्याच्या बाटल्या, खिडकीतून बाहेर आलेले हात. स्टेशनाला वगळून जाणारी कॉर्ड लाइन झाल्यापासून यांतल्या अनेक गाड्या मुख्य स्टेशनात येतच नाहीत. प्रवाशांचा वेळ वाचला हे चांगलंच झालं. पण एका गावाच्या रात्रीतला उजेड कमी झाला, आणि त्याची नोंद कुठल्याही विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्यानं घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. सिग्नल बदलेल तेव्हाच कॅमेरा सुरू करायचा आणि पुन्हा बदलला की बंद, एवढा एक नियम घातला तरी चांगला लघुपट होईल. रेल्वेची रीतसर परवानगी मात्र घ्यावी. तिवई उभी केली की सुरक्षा दलाचा जवान येणारच, आणि त्याचं येणं रास्तच आहे.

शिरूरकडे दिव्यांचा अर्थ वेगळा आहे. रांजणगाव एमआयडीसीत पाळी बदलताना कंपन्यांच्या बसगाड्या एकामागोमाग महामार्गावर येतात. आतले दिवे मालवलेले, पण प्रत्येक चेहरा मोबाइलच्या उजेडानं उजळलेला. महामार्ग सोडून आत वळलं की ऊस. शेतीपंपांना थ्री फेजची वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन उसात शिरावं लागतं, आणि त्याच उसात बिबट्या असतो. पिंपरखेड परिसरात २०२५ मध्ये माणसं दगावली, लोक रस्त्यावर उतरले. दिवसा वीज द्या, ही मागणी किती जुनी आहे ते या भागात कुणालाही विचारा. सौर कृषी वाहिनीच्या योजना तिच्याच पोटी आल्या. बॅटरीचा झोत उसाच्या पात्यावरून फिरतो तेव्हा त्या थरथरीला कुठल्याही पियानोची गरज नसते. इथं मला एक अडचणही दिसते. जीव मुठीत धरून पाणी देणाऱ्या माणसाची 'सुंदर प्रतिमा' करायची का? माझं उत्तर असं की करावी, पण त्याच्यासोबत रात्रभर बांधावर थांबून, आणि तो सांगेल तेवढीच.

आणि ३१ डिसेंबर. त्या रात्री पुण्यातले झाडून सगळे कॅमेरे कॅम्पात आणि फर्ग्युसन रस्त्यावर असतात. नगर रस्त्यावर मात्र गाड्यांच्या दिव्यांची न तुटणारी रांग पेरणे फाट्याकडे सरकत असते. १८१७ च्या ३१ डिसेंबरला संध्याकाळी शिरूरच्या छावणीतून निघालेली ब्रिटिश फौजेची तुकडी रातोरात चालून सकाळी कोरेगावला पोचली आणि पेशव्यांच्या फौजेशी लढली, त्याची ही आठवण. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं आले, आणि आज लाखोंनी लोक विजयस्तंभाला मानवंदना द्यायला येतात. बातम्यांसाठी याचं चित्रण होतं, ड्रोननं गर्दी दाखवली जाते. पण शिरूर ते कोरेगाव ही एक रात्र, त्याच रस्त्यानं पायी चालत, वाटेत भेटेल त्याच उजेडावर चित्रित केलेली, असं कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. अभ्यासक्रमात 'नगर-सिंफनी' हा शहरावरच्या चित्रपटांचा प्रकार शिकलेल्या मुलांनाही ते सुचत नाही, कारण त्यांच्या डोक्यात नगर म्हणजे महानगर.

दौंड तालुक्यातली गुऱ्हाळं राहिलीच. चिपाडांवर पेटलेलं चुलवण, वर काहील, रसाची वाफ, आणि गूळ उतरवायची वेळ नुसत्या नजरेनं ठरवणारा गुळव्या. केडगाव-पाटस भागात हंगामात रात्री फिरा, विजेच्या दिव्याशिवाय चित्रण कसं करायचं याचा धडा फुकट मिळेल.

तंत्राबद्दल थोडं, कारण गल्लत तिथंच होते. मोबाइलचं 'नाइट मोड' म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचून काढलेली सरासरी. त्यात अंधार करडा होतो, आकाश जांभळट, आणि रात्र दिवसासारखी दिसू लागते. ज्याला अंधारावर काम करायचंय त्यानं ते बंद करावं. दुसरं, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण शटर चुकलं की चित्रात पट्टे उतरतात. २५ फ्रेमला शटर एक पन्नासांश ठेवलं की बहुतेक दिवे शांत होतात. ढाब्यांच्या आणि चौफुल्याच्या कला केंद्रांच्या सरकत्या अक्षरांच्या पाट्या मात्र तरीही ऐकत नाहीत. बहुतेक जण ते पट्टे लपवतात. प्रयोग करणाऱ्यानं ते मुद्दाम ठेवून पाहावेत: हा उजेड कॅमेऱ्यासाठी बनलेला नाही, हे ते पट्टे स्पष्ट सांगतात. तिसरं, जुना पिवळा सोडियम आता जवळपास गेला, जिकडेतिकडे पांढरा एलईडी आला. एखाद्या गावाचे शेवटचे पिवळे खांब उरले असतील तर ते आजच चित्रित करून ठेवा. आणि चौथं, सगळ्यांत दुर्लक्षित: आवाज. शंभरातल्या नव्वद लघुपटांत रात्रीला स्वतःचा आवाज नसतो. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, लांबून येणारी मालगाडी, पाण्याच्या मोटारीचा घरघराट, हे सगळं संगीताखाली गाडलं जातं.

पाहायला जागा कुठे आहे? पुण्यात पिफ हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे, अरभाट या संस्थेचा लघुपट महोत्सव आहे, मुंबईत १९९० पासून मिफ हा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव आहे. शिरूर-दौंडच्या मुलाला तालुक्यात मिळते ती बहुधा एखाद्या संस्थेची लघुपट स्पर्धा, आणि तिचे विषय ठरलेले: स्वच्छता, मतदान, व्यसनमुक्ती. विषय चांगलेच आहेत, पण प्रवेशअर्जावर 'चित्रपटातून दिला जाणारा संदेश' असा एक रकाना असतो. यार्डातल्या दोन पांढऱ्या दिव्यांवर लघुपट करणारा विद्यार्थी त्या रकान्यात काय लिहिणार? मग तो नाइलाजानं शेवटी एक पाटी टाकतो, 'वीज वाचवा', आणि परीक्षक टाळ्या वाजवतात.

तालुक्यातल्या स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या वर्षीच्या अर्जातून हा रकाना काढून टाका आणि त्या जागी विचारा, 'चित्रीकरण कुठे आणि किती वाजता केलं?'